आमच्या बावखलातला राक्षस

आमच्या बावखलात राक्षस नव्हता. मगर नव्हती, सुसर नव्हती, नाव घेण्यासारखं काहीच नव्हतं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आता पन्नाशी उलटली, बोलायची सवय मुळातच कमी, म्हणून लिहून टाकतो.

बावखल म्हणजे काय, हे वसईच्या बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्या वाड्यांत दर चार-दोन घरांमागे एक असायचं. विहिरीपेक्षा मोठं, तलावापेक्षा लहान, जमिनीत खणलेलं गोड्या पाण्याचं साठवण. पावसाचं पाणी त्यात मुरायचं आणि आसपासच्या विहिरी गोड राहायच्या. आमचं बावखल नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, घराच्या मागच्या दारापासून केळीचे दोन वाफे ओलांडले की लगेच. काठावर माड, एका बाजूला जुन्या रहाटाचे दगडी खांब आणि पाण्यावर यमूआत्याची बदकं. आजोबांच्या काळानंतर त्यातला गाळ कुणी काढला नव्हता. पंप आला, विहीर पुरू लागली, मग बावखलात उतरायचं कारण उरलं नाही. कुणी उतरत नाही म्हटल्यावर खोलीही वाढत गेली. माझ्या लहानपणी 'तीन खाटांच्या विणीचा काथ्या सोडला तरी तळ लागत नाही' असं म्हणत. कॉलेजात जाईस्तोवर खाटा सात झाल्या होत्या.

यमूआत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. लग्न करून गेली आणि वर्षाच्या आत परत आली. का आली ते घरात कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आजोबा जाताना एवढंच म्हणाले, "बावखल यमूचं." कागद नाही, सही नाही, पण दादांनी म्हणजे माझ्या वडिलांनी आणि बाळूकाकांनी तो शब्द पाळला. आत्याच्या मालकीचं जगात तेवढंच होतं. बदकांची अंडी विकून ती स्वतःच्या साड्या स्वतः घ्यायची, आणि नवी साडी नेसली की मुद्दाम दादांच्या समोरून दोनदा जायची. पुढे बिल्डर येऊ लागले. मागच्या पडीक तुकड्यावर इमारत उभी राहू शकत होती, पण तिथवर रस्ता न्यायचा तर मध्ये बावखल. दादा दर दिवाळीला एकदा विषय काढायचे. आत्या म्हणायची, "मी मेल्यावर बुजवा, आणि मलाच आत टाकून बुजवा, म्हनजे दोन खर्च नकोत." विषय पुढच्या दिवाळीपर्यंत मिटायचा. (आमची घरची बोली याहून दाट होती. वाचणाऱ्याला समजेल इतकीच पातळ करून लिहितो आहे.)

आता या सगळ्यात अँग्लो-सॅक्सन महाकाव्य कुठून आलं, तर ते मी आणलं. घराण्यात बी. ए.ला बसलेला मी पहिलाच, तोही इंग्रजी घेऊन. इंग्रजी का, तर त्या वर्गात गर्दी कमी होती. शिकवायला परेरा सर होते. उंच, किडकिडीत, कायम हातात छत्री. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी वीरकाव्य हा त्यांचा जीव की प्राण होता. शिकवताना ते छत्रीच्या दांड्याने टेबलावर चार ठोके धरायचे आणि त्या तालावर अशा भाषेत गर्जायचे की शेजारच्या कॉमर्सच्या वर्गातून शिपाई पाहायला यायचा. बाहेर दलदल, धुकं, अंधार. आत दिवे लावलेलं राजाचं दालन, मधाची दारू, गाणं. आणि त्या गाण्याचा आवाज सहन न होऊन दलदलीतून चालत येणारं काहीतरी. "राक्षस का येतो?" सर विचारायचे. आणि स्वतःच सांगायचे. "कारण त्याला जेवायला बोलावलेलं नसतं!" मग ठोका. "आणि वीर कोण? ताकदवान? नाही. जो जेवताना सगळ्यांसमोर बोलतो आणि जेवल्यावर ते करतो, तो वीर. प्याला हातात घेऊन उच्चारलेला शब्द मागे घेता येत नाही. घेतला तर तो माणूस मेला, नुसता पुरायचा राहिला."

मी हे घरी येऊन सांगायचो. संध्याकाळी ओटीवर आई केळफूल सोलत बसलेली, बोटं काळी झालेली. आत तव्यावर तांदळाची भाकरी, बोंबलाच्या कालवणाचा वास, दूर पंपाची टुकटुक, आणि बावखलाकडून बदकांचं भांडण. बाळूकाका उलटा पाट घेऊन समोर बसायचे. काकांचं शिक्षण सातवी, पण गोष्टीची भूक मोठी. त्या कवितांत साध्या वस्तूला साधं नाव द्यायचं नाही, समुद्राला देवमाशांची वाट म्हणायचं, हे मी सांगितलं मात्र, काकांना वेडच लागलं. ताडीला ते 'ताडाच्या मानेचा घाम' म्हणू लागले. कांदा 'बायांना रडवणारा', वीजबिल 'दारातला लांडगा', आणि दादा 'केळींचा स्वामी'.

"केळींचा स्वामी, पंप बंद झालाय."

"केळींच्या स्वामीला आधी चहा मिळेल काय?" दादा आतून ओरडायचे. "आनि त्या पोराला सांग, परीक्षेत असलं लिहू नको, नापास करतील."

आत्या एवढंच विचारायची, "त्या राजाच्या घरात बायका काय करत होत्या?" मी म्हणायचो, प्याले भरत होत्या. "मग काय नवीन सांगतोस," म्हणून ती बदकं कोंडायला उठायची.

त्या उन्हाळ्यात बदकं नाहीशी होऊ लागली. आज एक, चार दिवसांनी दोन. पिसंही सापडत नव्हती. ती कुणी नेली हे मला आजही माहीत नाही. कोल्हा असेल, मुंगूस असेल, दोन पायांचाही कुणी असेल. पण कळंबहून मासळी घेऊन येणारी हिरूबाई पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "पान्यात मगर हाय तुमच्या. आमच्या खाडीत कोनी तरी पायलीन." तिने पाहिली नव्हती, तिच्या दिराच्या साडूने पाहिली होती. दुसऱ्या दिवशी बाळूकाकांनी स्वतः बावखलाच्या मधोमध काळी, लांब, खरबरीत पाठ वर आलेली पाहिली. तिसऱ्या दिवसापासून काका तिला मगर म्हणेनात. "तलावाचा मालक," म्हणायचे, आवाज खाली आणून. शेजारपाजारची माणसं जेवण झाल्यावर आमच्या काठावर येऊन बसू लागली. आईचा चहाचा खप तिप्पट झाला.

मी तोंड उघडलं ते चुलतबहिणीच्या लग्नाच्या मांडवात. आमच्याकडे मांडव घालायला सारी भावकी येते. बांबू, झावळ्या, आंब्याचे टहाळे, आणि काम झालं की भर दुपारी भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि ताडी. मी ताडी फारशी घेत नसे. त्या दिवशी उन्हाने घेतली म्हणतो. कुणीतरी मला डिवचलं, "काय रे वश्या, इंग्रजीत राक्षस मारतोस, घरच्या बावखलातल्याचं काय?" सगळे हसले. काकाही हसले. डोक्यात छत्रीच्या दांड्याचे चार ठोके वाजले, मी प्याला घेऊन उभा राहिलो आणि शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणालो, "या मांडवातली हळद उतरायच्या आत मी त्या पाण्यात जाईन, आणि एकतर तो उरेल किंवा मी!"

 कुणी तरी टाळी वाजवली. मग काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळ्यांत पाणी. "ऐकलंत ना? प्याला हातात घेऊन बोललाय. आता मागे घेता येत नाय." हा नियम मीच त्यांना शिकवला होता.

ताडी उतरली तेव्हा मी पाहिलं तर दिवस ठरला होता, वेळ ठरली होती, आणि जवळच्या क्रिकेट मंडळाने लाउडस्पीकर द्यायचं कबूल केलं होतं. आई रडत होती. दादा म्हणाले, "बोलताना विचार करायचा." पण जाऊ नको असं काही ते म्हणाले नाहीत. भावकीसमोर बोललेला शब्द होता. आत्याने मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "पोहता येतं ना नीट?" मी हो म्हटलं. येत होतं, बऱ्यापैकी.

त्या दिवशी काठावर जत्रा होती. भेळवाला होता. परेरा सर स्कूटरवरून आले, उन्हात छत्री उघडून माडाखाली उभे राहिले आणि म्हणाले, "मी फक्त निरीक्षणासाठी आलो आहे." केळीच्या खांबांचा तराफा बांधला होता. लहानपणी असल्या तराफ्यांवर आम्ही कडेकडेने खेळायचो. कोयता हातातून निसटू नये म्हणून काकांनी तो दोरीने माझ्या मनगटाला बांधला. आजही विचार करतो, माझ्या जिवाला खरा धोका त्या दिवशी कोणाचा होता, तर त्या गाठीचा.

मी एका फळीने वल्हवत मधोमध गेलो. लाउडस्पीकरवर काका बोलत होते, "आता तो बदकांच्या वाटेवर आहे." तेवढ्यात तराफ्याचा मधला खांब फिरला, दोऱ्या सुटल्या आणि मी पाण्यात. डोळ्यांत गाळ, नाकात गाळ. पायाला शेवाळ गुंडाळलं. खाली काहीतरी होतं. लांब, जाड, बुळबुळीत, आणि त्याला दात. मी ओरडलो, म्हणजे पाणी प्यायलो, आणि कोयता चालवला. दोन घाव त्याला बसले आणि एक माझ्या मांडीला. मग हात लागला तेव्हा कळलं. लाकूड. जुन्या रहाटाचा वासा, गंजलेल्या खिळ्यांसकट. काकांनी पाहिलेली पाठ हीच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की थोडी वर येणारी. मी पाय खाली टेकवले. टेकले. इतक्या वर्षांच्या गाळाने बावखल भरत आलं होतं. मी उभा राहिलो तर पाणी छातीपर्यंत.

सात खाटांचा काथ्या न पुरणाऱ्या पाण्यात मी मधोमध उभा होतो. भोवती पाणी लाल.  मग लाउडस्पीकर फाटेल असा काकांचा आवाज आला, "पाठीवर उभाय! पोरगा त्याच्या पाठीवर उभाय!"

मला तेव्हाच म्हणता आलं असतं, काका, हा गाळ आहे. मी म्हणालो नाही. धाप लागली होती हे खरं, पण धाप काही आयुष्यभर टिकत नाही. मला ओढून वर काढलं, मांडीला हळद दाबली, आणि सगळे एकदम विचारू लागले, गेला कुठे, मेला का, केवढा होता. मी म्हणालो, "खाली भोक आहे. खाडीकडे गेला." एवढं एकच वाक्य त्या दिवशी मी स्वतःच्या डोक्याने बोललो. बाकी सगळं काठावरच्यांनी रचलं. सर शिकवताना एक गोष्ट सांगायला विसरले होते, किंवा मीच ऐकली नसेन. त्या कवितांत वीर पाण्यात असतो आणि कवी काठावर, आणि दोघांतला कोरडा माणूस जास्त बोलतो.

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. वीरांना राजे सोन्याची कडी द्यायचे, असं सर दोन शब्दांच्या भाषणात अर्धा तास बोलले. मग मला स्कूटरपाशी नेऊन त्यांनी छत्री मिटली आणि हळू विचारलं, "वसंत, खरोखर काही होतं का रे?"

"होतं, सर."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मग ठीक आहे," म्हणाले आणि किक मारली. दोन-तीन वेळा मारावी लागली. तेवढ्यात मला बोलता आलं असतं. पुढे त्या पेपरला त्यांनी मला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले आणि वर्गात माझ्याकडे पाहणं बंद केलं.

पण भोक आहे म्हटल्यावर गावाची झोप उडाली. गेलेला परत येणार. जखमी जनावर तर येतंच. शिवाय ते एकटं कशाला असेल? बायका पोरांना मागच्या दारी सोडेनात. बावखल बुजवा म्हणायला भावकीतले चार जण दादांकडे आले. दादांनी आत्याचं नाव सांगून हात वर केले.

मी पाय बांधून ओटीवर पडलो होतो. आत्या आली. हातात बदकाचं उकडलेलं अंडं, मीठ-मिरी लावलेलं. माझ्या उशाशी बसली. तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ती कायम कामावरून कामावर जाणारी बाई.

"खरं सांग पोरा. परत येईल काय तो?"

"काय माहीत, आत्या."

"तू पाहिलास ना त्याला. तू सांग."

तिला हवं असलेलं उत्तर एका शब्दाचं होतं. मी अंडं खात म्हणालो, "येऊ शकतो."

ती माझ्या बांधलेल्या मांडीकडे बघत होती. "तू परत उतरशील. हे लोक तुला परत उतरवतील, आनि तू नाय म्हननार नाहीस. मी ओळखते तुला." मग उठली आणि आत जाऊन दादांना म्हणाली, "बुजवा."

दादांनी दोनदा विचारलं. दिवाळ्यामागून दिवाळ्या नाही म्हणणारी बाई हो म्हणते आहे, यावर त्यांचा विश्वास बसेना. "यमूबाई, बापाचा शब्द हाय." ती म्हणाली, "बापाला नातू नव्हता तेव्हाचा शब्द हाय तो."

इथवरचं एक वेळ कुणी समजून घेईल. विशीतला पोर, लाज, गर्दी. पुढचं लिहायला मला इतकी वर्षं लागली. दादांना पाणी वाया घालवणं जिवावर आलं. ते म्हणाले, दोन पंप लावू, आधी सगळं उपसू, केळींना देऊ, मासे काढू, आणि एकदा तळ पाहून घेऊ. तळ.  तळाला रहाटाचा वासा होता, त्यावर कोयत्याचे दोन ताजे घाव होते, आणि भोक नव्हतं. मी लंगडत उठलो आणि म्हणालो, "दादा, उपसू नका. दाब कमी झाला की भोक मोठं होईल, खाडीचं खारं पाणी वर येईल, सगळ्या वाडीचं वाटोळं होईल." हे कुठून सुचलं देव जाणे. पण माझा शब्द आता साधा नव्हता. मी तिथे जाऊन आलो होतो. दादांनी मान डोलावली.

आचोळ्याला जुन्या चाळी पाडत होते, तिथला राडारोडा डंपर भरभरून आला. माशांसकट, पाण्यासकट, वर टाकत गेले. पाणी काठावरून बाहेर पडून केळीत शिरलं. मासे वाफ्यांत उड्या मारत होते आणि पोरं बादल्या घेऊन धावत होती. आत्या मागच्या दारात उभी होती. एकदाच म्हणाली, "केवढं पानी होतं बघ." उरलेली बदकं तिने वाटून टाकली, पण दोन परत आली आणि विटांच्या ढिगावर जाऊन बसली. रोज सकाळी तिथे जायची, भोवती एक फेरी मारायची, बरोबर जुन्या काठावरून, आणि बसायची. पुढे आत्याने त्यांना कपडे धुवायचं घमेलं भरून दिलं. एक बदक त्यात मावायचं. दुसरं बाहेर उभं राहून वाट बघायचं.

दोन पावसाळ्यांनी आमची विहीर मचूळ झाली. सगळे म्हणाले, बघा, वश्या म्हणाला होता, खाडीचं पाणी शिरतंय. म्हणजे बावखल बुजवल्यामुळे जे झालं, त्यानेही मीच खरा ठरलो.

घर आणि बावखल मिळून त्या जागेवर आता सात मजली इमारत आहे आणि दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. दर वर्षी वीर आणि राक्षस हा पाठ माझ्याकडेच येतो, आणि टेबलावर ठोके मारायला मला जमत नाही. इमारतीला पाणी टँकरचं. पावसाळ्यात मात्र तळमजल्याच्या पार्किंगमध्ये गुडघाभर साठतं आणि चार-चार दिवस हलत नाही. सोसायटीच्या सभेत त्याची कारणं शोधतात. मी मागच्या खुर्चीवर बसतो.

दादा, आई, काका गेले. आत्या आहे, माझ्याकडेच असते. ऐंशी कधीच ओलांडली, डोळे अधू, आवाज खणखणीत. गॅसवाला येवो, टँकरवाला येवो, रक्त तपासायला येणारी पोरगी येवो, ती त्यांना बसवून घेते. "हा माझा भाचा. दिसतो असा, पन राक्षसाच्या पाठीवर उभा राहिलेला हाय." मग सगळी गोष्ट, काकांच्या शब्दांत, लाउडस्पीकरसकट. माझी लुंगी वर करून मांडीची खूण दाखवायला लावते. मी दाखवतो. गेल्या महिन्यात त्या पोरीने विचारलं, "आजी, तुमचं तळं गेलं, वाईट नाही वाटलं?" आत्या हसली. "तळं काय, परत खनता येतं. भाचा कुठून आनू?"

मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

सांगितलं तर तिच्याकडे उरलेलं तेवढंही जाईल, असं मी स्वतःला समजावत आलो आहे. ते खोटं नाही, पण त्याआड मी लपलो आहे हेही खोटं नाही. तिच्याजवळ एकच गोष्ट होती आणि ती तिने नसलेल्या राक्षसाच्या तोंडातून मला सोडवायला देऊन टाकली. मी यमूआत्याला एक बावखल देणं लागतो. ते आता देता येत नाही. निदान त्यात काही नव्हतं, एवढं तिच्यासमोर बसून तिला सांगणं लागतो. तेही मी अजून दिलेलं नाही.